हाली आणि कलदार

परभणी स्टेशनवर तेव्हा मीटरगेज होते. फलाटावर उभे राहिले की एका अंगाची गाडी पूर्णा, नांदेड करत हैदराबादेत काचीगुड्याला जायची आणि दुसऱ्या अंगाची सेलू, जालना, औरंगाबाद करत मनमाडला. काचीगुड्याच्या गाडीत बसले की मध्ये कुठे बदलायची नाही. मनमाडच्या गाडीत बसणाऱ्याला मात्र मनमाडला वळकटी, ट्रंक आणि फराळाचा डबा घेऊन उतरावे लागे, आणि तिथून रुंद रुळांच्या जी.आय.पी. गाडीने भुसावळ, अकोला, वर्धा अशी नागपूरची वाट धरावी लागे. माझे वडील १९३५ साली पहिल्या गाडीत बसले आणि त्यांचा धाकटा भाऊ, आमचा बापूकाका, १९३९ साली दुसऱ्या. एकाच घरातली दोन मुले, एकाच शाळेतून मॅट्रिक झालेली. एक उस्मानियाला गेला, एक नागपूरला. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे दिवाळीच्या फराळाला बसले की दोघांचा एकच वाद: कोण बरोबर गेले?

मी गणिताची मास्तरीण होते. पस्तीस वर्षे त्रिकोण शिकवले. त्यामुळे दोन बाजू कळल्या तर तिसरी काढता येते असा माझा एक भाबडा समज आहे. त्याच समजापायी हे सगळे जुळवायला बसले आहे.

आजोबा परभणीच्या मुन्सफ कोर्टासमोर अर्जनवीस होते. लाकडी पेटी, दौत, बोरू आणि डोक्यावर चिंचेची सावली एवढीच त्यांची कचेरी. पक्षकार मराठीत रडायचा आणि आजोबा ते रडणे उर्दूत उतरवायचे. कोर्टाची भाषा उर्दू, तहसिलीची उर्दू, पोलिसांची उर्दू. निजामाच्या राज्यात उर्दू घरी बोलणारी माणसे दहातले एखादे. निम्मी प्रजा तेलुगू, पाव हिस्सा मराठी आणि उरलेल्यांत कानडी. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे धरून सगळा कारभार मात्र त्या दहाव्या हिश्श्याच्या भाषेत. आजोबांना याचा राग नव्हता, कारण त्यावरच चूल पेटत होती. थोरल्याने उस्मानियात जावे आणि सरकारी नोकरीत चिकटावे, हे त्यांनी बाबांच्या मुंजीतच ठरवून टाकले होते.

उस्मानिया म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला जरा सांगायला हवे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९१७ साली फर्मान काढले, दुसऱ्या वर्षी विद्यापीठ स्थापन झाले आणि १९१९ साली वर्ग भरू लागले. तोवर हैदराबादेत उच्च शिक्षण म्हणजे निजाम कॉलेज. ते इंग्रजी माध्यमाचे आणि मद्रास विद्यापीठाला जोडलेले. जहागीरदारांची आणि बड्या अंमलदारांची पोरे तिथे जात. उस्मानियाने मात्र इतिहासापासून रसायनशास्त्रापर्यंत, पुढे वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा, उर्दूतून शिकवायचे ठरवले. इंग्रजी सक्तीची, पण एक विषय म्हणून. यासाठी आधी पुस्तके हवीत, म्हणून ‘दार-उल-तर्जुमा’ नावाचे भाषांतराचे खाते निघाले. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. हे गृहस्थ पुढे औरंगाबादच्या उस्मानिया कॉलेजचे प्राचार्य झाले आणि त्यांची उर्दू संस्था, अंजुमन, औरंगाबादेतूनच चाले. उर्दूच्या वाढीचा एक मोठा कारखाना मराठी मुलखात, खाम नदीच्या काठी चालला होता, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. जोश मलिहाबादींसारखा कवी भाषांतर खात्यात पगारावर होता. नवे शब्द कसे पाडावेत याची शास्त्रे लिहिली गेली.

बाबांची भूमितीची वही माझ्याकडे आहे. जाड कागदाची, उजवीकडून उघडणारी, कडा वाळवीने कुरतडलेल्या. प्रत्येक पानावर फूटपट्टीने काढलेली आकृती, टोकांना अलिफ, बे, जीम. त्रिकोण म्हणजे मुसल्लस. कोन म्हणजे ज़ाविया, काटकोन ज़ाविया-ए-क़ायमा. कर्णाला वतर. समांतर रेषा मुतवाज़ी. आणि समासात, अगदी बारीक, शिसपेन्सिलीने मोडीत, बाबांनी स्वतःपुरते लिहून ठेवलेले: ‘तीन खुंटांचे’. त्रिकोण हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. पण पहिल्या वर्षी, उर्दू वाक्य कानावर पडून डोक्यात शिरेपर्यंत, त्यांना शेतातले मोजमाप जवळचे वाटले असावे. दुसऱ्या वर्षाच्या पानांत मोडी कमी होते. तिसऱ्या वर्षी नाहीच.

मी जेव्हा पहिल्यांदा ही वही नीट पाहिली तेव्हा मला हेवा वाटला, हे कबूल करते. ज्या काळात मुंबईला, नागपूरला, कलकत्त्याला कॉलेजात काटकोन फक्त इंग्रजीत असे, त्या काळात एका देशी भाषेत बी.ए.पर्यंतचे गणित सरळ चालत होते. रवींद्रनाथांनी या प्रयोगाचे स्वागत केले होते ते उगाच नाही. फक्त ती देशी भाषा आमची नव्हती.

आता एक गोष्ट मध्येच सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. मराठीतून शिकवणारे विद्यापीठ तेव्हा होते. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ काढले, उस्मानियाच्याही आधी. त्याची पदवीसुद्धा देशी वळणाची: ‘गृहीतागमा’. सरकारची मान्यता मात्र स्वातंत्र्यानंतर मिळाली. बाबा आणि काका यांच्या मध्ये माझी एक आत्या होती, वर्गात दोघांपेक्षा हुशार, असे दोघेही म्हणत. तिला चौथीनंतर घरी बसवले आणि चौदाव्या वर्षी जिंतूरला दिले. परभणीच्या फलाटावर ती तिन्ही वेळा गेली ती भावांना निरोप द्यायला आणि स्वतः सासरी जायला. आमच्या घरातल्या विद्यापीठांच्या वादात तिचे नाव कधी आले नाही.

बाबा हैदराबादेत सुलतान बाजारजवळ एका मराठी कुटुंबाच्या माडीवर खोली घेऊन राहत. वसतिगृहाचा खर्च झेपणारा नव्हता. अंगात शेरवानी. ती उस्मानियाची रीत होती, हिंदू असो की मुसलमान. ती काळी शेरवानी पुढे आमच्या घरी खुंटीवर असे, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात औरंगजेबाचे काम करणाऱ्या प्रत्येक पोराने ती घातलेली आहे. बाबांना ते आवडत नसे, पण कुणाला नाही म्हणाले नाहीत. अदिकमेटच्या माळावर तेव्हा उस्मानियाची मोठी इमारत उठत होती. गुलाबी दगड, बेल्जियमचा वास्तुशास्त्रज्ञ अर्नेस्ट जास्पर, कामगारांच्या झोपड्यांचे गावच तिथे वसलेले. बाबा चार वर्षे ती भिंत चढताना पाहत होते. उद्घाटन झाले १९३९च्या डिसेंबरात, आणि बाबा बी.ए. होऊन निघाले त्या उन्हाळ्यात. ‘सगळी चिखलवाट आम्ही तुडवली, फरशीवर दुसरेच चालले,’ असे ते म्हणत. पण त्यांची खरी सल ही नव्हती.

१९३८चा नोव्हेंबर. औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात हिंदू विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणत. ते बंद करा, हे धार्मिक गाणे नाही, असा हुकूम आला. मुलांनी मानला नाही. तिथून वणवा हैदराबादेत उस्मानियाच्या वसतिगृहांत गेला, मग गुलबर्ग्याला, वरंगळला. गाणे सोडा नाहीतर विद्यापीठ सोडा. शेकडो मुलांनी विद्यापीठ सोडले, म्हणजे त्यांना काढून टाकण्यात आले. बाहेर वातावरण तापलेलेच होते. स्टेट काँग्रेसवर बंदी घातलेली, ऑक्टोबरात स्वामी रामानंद तीर्थांच्या मंडळींचा सत्याग्रह सुरू झालेला, आर्य समाजाचा वेगळा. आणि ही काढलेली मुले जाणार कुठे? अर्धवट शिक्षणाचे, शिस्तभंगाचा शिक्का बसलेले, उर्दूतून शिकलेले विद्यार्थी कोण घेणार? नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू तुकाराम जयराम केदार यांनी दार उघडले. घेतो म्हणाले, आणि घेतले. या लोंढ्यातला वरंगळकडचा एक तेलुगू मुलगा पुढे नागपूरहूनच कायद्याचा पदवीधर झाला, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ तेलुगूत नेण्याइतके मराठी शिकला आणि देशाचा पंतप्रधान झाला. पी. व्ही. नरसिंह राव.

बाबा या मुलांत नव्हते. वसतिगृहात राहत नसल्यामुळे पहिल्या दिवसांत त्यांना कुणी विचारले नाही. मग वर्ग ओस पडायला लागले तेव्हा विचारले. मित्र माडीवर आले, कंदिलाच्या उजेडात तासभर बसले. बाबांचे शेवटचे वर्ष, परीक्षा सहा महिन्यांवर, आजोबांचे पोट कोर्टाच्या दारावर आणि अर्जनवीसाचा परवाना काढून घ्यायला एक दुपार पुरे. ‘मी त्यांना चहा पाजला,’ असे बाबा सांगत. ‘दुसऱ्या दिवशी त्यांतले दोघे गेले. मी वर्गात गेलो. चाळीसच्या वर्गात आम्ही अकराजण होतो. प्रोफेसरांनी हजेरी घेतली, प्रत्येक नाव घेऊन थांबले, मग लघुगणक शिकवला.’ हे त्यांनी मला माझ्या लग्नानंतर सांगितले, त्याआधी नाही.

परभणीत बातमी पोचली तेव्हा बापूकाका सतरा वर्षांचा होता. त्याने भावाला पत्र लिहिले नाही. सुट्टीत बाबा आले तर त्यांच्याशी बोलला नाही. १९३९च्या उन्हाळ्यात मॅट्रिकचा निकाल लागला आणि आजोबांनी काचीगुड्याचे तिकीट काढण्याची भाषा केली, तेव्हा तो म्हणाला, ‘मी नागपूरला जातो.’

आजोबांनी रागावून काही बोलायच्या आधी हिशोब काढला. मला हा हिशोब फार आवडतो, कारण सगळा इतिहास त्यात आहे. निजामाच्या राज्यात निजामाचे चलन, हाली सिक्का. ब्रिटिश मुलखात कलदार. सहा कलदारांना सात हाली. नागपूरला खोली, खाणावळ, फी, दिवाबत्ती धरून महिन्याला अठरा रुपये लागतील असे कुणीतरी सांगितले होते. अठरा कलदार म्हणजे एकवीस हाली. थोरल्याला हैदराबादेत चौदा हालीत भागत होते. शिवाय हद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात: तुपाचा डबा नेला तर तो उघडून दाखवा. शिवाय वर्षसुद्धा वेगळे. इथे फसली सन, दै आणि बहमन असे महिने. तिथे इंग्रजी तारखा. पोराने पत्र लिहिले तर ते कुठल्या महिन्यात लिहिले हे कळायला पंचांग काढून बसायचे. ‘एकाच राजाच्या मुलखात जायला इतका खर्च?’ असे आजोबा म्हणाले म्हणतात. त्यात गंमत आहे. नागपूर विद्यापीठ ज्या मध्य प्रांत-वऱ्हाडाचे, त्यातला वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच होता. १८५३ साली फौजेच्या खर्चापायी इंग्रजांच्या हाती गेलेला, १९०२ साली कायमच्या भाडेपट्ट्याने दिलेला. निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणत. पैनगंगा ओलांडून पलीकडे गेले की त्याच राजाच्या नावाच्या जमिनीवर ‘वंदे मातरम्’ म्हणता येत होते.

नागपूर विद्यापीठ १९२३चे, पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. उस्मानियासारखे ते एका राजाच्या फर्मानाने, एका माळावर उभे राहिले नव्हते. कॉलेजे आधीची: हिस्लॉप मिशनऱ्यांचे, मॉरिस १८८५चे. ती आधी कलकत्त्याला जोडलेली होती, नंतर अलाहाबादला. मध्य प्रांताची मुले परीक्षा इथे देत आणि निकालाची वाट गंगेकाठाकडे पाहत. विद्यापीठ झाल्यावर ते थांबले. पैसा आला तोही बराचसा लोकांचा. कामठीचे डी. लक्ष्मीनारायण यांनी मँगेनीजच्या खाणीत कमावलेली मोठी मालमत्ता तंत्रशिक्षणासाठी मृत्युपत्राने देऊन टाकली, त्यातून १९४२ साली त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. बापूकाकाला या देणगीचे भारी कौतुक. ‘आमच्या विद्यापीठाला शेटजीने पैसे दिले, तुमच्याला बादशहाने. शेटजीला सलाम करावा लागत नाही,’ हे त्याचे ठरलेले वाक्य होते.

त्यावर बाबांचे ठरलेले उत्तर असे: ‘तू मराठीसाठी गेलास आणि शिकलास कशात?’

इथे काका नेहमी जरा गप्प व्हायचा. कारण नागपुरात सगळे इंग्रजीतून. सीताबर्डीवर मराठी, खाणावळीत मराठी, सभांत मराठी, पण वर्गात पाय टाकला की इंग्रजी. परभणीच्या शाळेतून आलेल्या पोराला पहिले वर्षभर प्राध्यापक काय बोलतात हे ओळीत दोनदा कळे. तो इंटरला एकदा नापासही झाला. घरी पत्र आले त्यात प्रकृती बरी नव्हती असे लिहिले होते. बाबांनी उर्दूतले तर्कशास्त्र समजून वाचले, काकाने इंग्रजीतले पाठ केले. निदान काकाने स्वतः एकदा तसे कबूल केले, तेही बाबा खोलीबाहेर गेले असताना. उस्मानिया गुलामीचे आणि नागपूर स्वातंत्र्याचे, असे आमच्याकडच्या भाषणांत सतरा सप्टेंबरला हमखास ऐकू येते. गाण्यापुरते ते खरे आहे. शिकण्यापुरते मला ते पटत नाही. आणि उस्मानियाच्या कौतुकात वाहून जाणाऱ्यांचेही पटत नाही. नऊ दशांश प्रजेच्या भाषा बाजूला सारून एका भाषेत ज्ञान आणले, याला मातृभाषेतले शिक्षण म्हणणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीला आपला आड म्हणण्यासारखे आहे. मराठीला तिथे जागा होती ती एका विषयाएवढी.

बाकीच्यांचे सांगायचे तर बीड, उस्मानाबादकडची मुले जमले तर सोलापूर-पुण्याकडे जात, मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांना. ज्यांच्या घरी पैसा ती निजाम कॉलेजात मद्रासची डिग्री घेत. आणि बहुतेकांची मुले कुठेच जात नसत. हा सगळा वाद गावातल्या पाच-सात घरांचा होता, हे विसरू नये.

१९४८च्या उन्हाळ्यात आमचे घर वाशीमला गेले. रझाकारांचे दिवस. मी दोन वर्षांची, बैलगाडीत आजीच्या मांडीवर. सीमेपलीकडे आमच्यासारख्या किती घरांनी तेव्हा छपरे टाकली होती. काका नागपूरहून एल.एल.बी. होऊन वाशीमला वकिली सुरू करत होता. त्यानेच खोल्या पाहिल्या. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, सतराला निजाम शरण आला आणि दिवाळीला आम्ही परत परभणीत होतो. दाराचे कुलूप शाबूत होते, आतला एक रांजण मात्र फुटला होता.

आणि एका वर्षात सगळे उलटे झाले. उस्मानियाने उर्दू सोडली आणि इंग्रजी धरली. तीस वर्षे जमवलेले शब्द, दार-उल-तर्जुम्याची पुस्तके, ती शास्त्रे, सगळे कपाटात गेले. बाबा तेव्हा सरकारी हायस्कुलात गणित शिकवत होते. जूनपासून मराठीतून शिकवा, असे त्यांना सांगण्यात आले. मराठीत गणित त्यांनी स्वतः शाळेपुरतेच केलेले. पहिल्या आठवड्यात फळ्यावर आकृती काढून ते म्हणाले, ‘हा मुसल्लस घ्या,’ आणि वर्ग हसला. त्यांच्या नोकरीतल्या बढत्या पुढे ज्यांच्याकडे गेल्या त्यांच्या पदव्या पुण्या-नागपूरच्या होत्या. याबद्दल ते कुणाला दोष देत नसत. रात्री पुण्याची पाठ्यपुस्तके आणून बसत आणि वहीत दोन रकाने पाडत: डावीकडे मराठी, उजवीकडे उर्दू. मी गणिताला लागले ती त्या रकान्यांमुळे. वतर म्हणजे कर्ण, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले.

काका परभणीला आला तो वाजतगाजत. कोर्ट आता मराठी-इंग्रजीचे होणार, नागपूरचा वकील, सत्याग्रहींच्या बाजूचा. कोटाला गुलाब खोचून तो कोर्टात जाई. पण पक्षकार येत ते जमिनीचे तंटे घेऊन, आणि मराठवाड्यातली जमीन उर्दूत होती. इनामाचे मुंतखब, जुने फैसले, सेतवार, वारसाच्या मिसली, शिकस्ता अक्षरातल्या, ठिपके न दिलेल्या. एका ठिपक्याने बे की पे की ते, आणि तेवढ्याने बापाचे नाव बदलते. नागपूरला हे कुणी शिकवले नव्हते. मग रोज संध्याकाळी काका लाल फडक्यात बांधलेला बस्ता घेऊन आमच्या ओसरीवर यायचा. ‘दादा, हे जरा वाचा.’

बाबा चष्मा पुसत. कंदील, पुढे वीज आली तेव्हा दिवा, जवळ ओढत. बोट उजवीकडून डावीकडे सरकत जाई आणि ते एकेक शब्द मोठ्याने म्हणत, मग मराठीत सांगत. काका लिहून घेई. अशी पंचवीसेक वर्षे. दिवाळीला वाद आणि एरवी वाचन. वकिलीच्या फीमधला काही हिस्सा काकाने देऊ केला होता, तो बाबांनी घेतला नाही. पण आईकडे तो दरवर्षी संक्रांतीला एक पातळ द्यायचा, आणि ते बाबांना चालत असे.

माझ्या वाटणीला निवड आलीच नाही. १९५६ साली भाषावार प्रांत झाले, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तरी आमची कॉलेजे दोन वर्षे उस्मानियालाच जोडलेली राहिली. औरंगाबादचे बाबासाहेबांचे मिलिंद, नांदेडचे स्वामीजींचे पीपल्स, दोन्ही १९५०ची, दोन्हींची सुरुवातीची मुले उस्मानियाचीच. मग २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले. पहिले कुलगुरू डोंगरकेरी, आयुष्य मुंबई विद्यापीठाच्या कारभारात गेलेले. परभणीचे पोर म्हणजे मराठवाडा विद्यापीठ, असा नियम झाला. १९९४ पासून नांदेडचे. आज परभणीहून पदवीला जाणाऱ्या मुलाचे विद्यापीठ जिल्ह्याच्या नकाशावर ठरते. मी १९६७ साली बी.एस्सी. झाले, विज्ञान इंग्रजीतून. घरी आले की बाबा विचारत, आज काय झाले? मी इंग्रजी शब्द सांगे, ते उर्दू सांगत, आणि मराठी दोघांनाही आठवायला वेळ लागे.

बाबा १९८६ साली गेले. त्यांच्या ट्रंकेत दोन कागद एकत्र गुंडाळलेले निघाले. एक त्यांची उस्मानियाची सनद, वळणदार अक्षरांची. तिच्यावरचे साल १३४८ फसली. फसली वर्ष आमच्याकडे ऑक्टोबरात सुरू होई, म्हणजे गाणे बंद झाले ते आणि बाबा पदवीधर झाले ते, दोन्ही त्याच एका सालात मावले आहे. दुसरा कागद काकाच्या नागपूरच्या सनदेची नक्कल होती. बाबांनी ती कधी आणि कशासाठी करून घेतली, काकालाही माहीत नव्हते.

काकाची वकिली तेव्हा मुलाकडे गेली होती, तरी इनामाची एक-दोन जुनी प्रकरणे त्याने सोडली नव्हती. तेराव्यानंतर महिनाभराने तो संध्याकाळच्या वेळेला ओसरीवर येऊन बसला. हातात बस्ता. सवयीने आला असावा असे वाटून मी चहा टाकला. बाहेर आले तर त्याने बाबांची भूमितीची वही मागितली. पासष्ट वर्षांचा माणूस, मशिदीमागे राहणाऱ्या एका निवृत्त मास्तरांकडे पंधरा दिवस अलिफ-बे गिरवायला जात होता, हे तेव्हा कळले. नुसत्या अक्षरांनी शब्द लागत नाही, म्हणाला, पण इथे आकृती आहे. आकृती मला येते.

त्याने वही उजवीकडून उघडली. पहिल्याच पानावरच्या त्रिकोणाखाली बोट ठेवले, ओठ हलवत तीनदा चुकला. मीम. ते. की से? ‘याला दोन ठिपके की तीन?’ त्याने विचारले. मी वाकून पाहिले. वाळवीने तेवढीच जागा खाल्ली होती.

‘तीन,’ मी म्हणाले. ‘मुसल्लस आहे ते.’